दोनशे अठ्ठावन्न

आधी पट लिहिला होता सरळसोट,
चौसष्ट खणांची एक रांग,
आणि प्रत्येक चालीला प्रोग्राम निघायचा दारोदार
मीटर वाचणाऱ्या माणसासारखा.
या घरात कोण? कोणी नाही.
या घरात? प्यादं. काळं की पांढरं?
पुढच्या घरात? कोणी नाही.
दोन्ही बाजूंच्या मिळून पाच चाली,
त्यांच्या सगळ्या शक्यता मोजायला एकोणीस सेकंद.
तेवढ्यात खाली पाथर्डी फाट्यावर
दोन ट्रक सावकाश वळून निघून जायचे.

दिवसा मी सातपूरला पंपांच्या कंपनीत
बिलांचा नि बेअरिंगांचा हिशेब लिहिते.
तिथे एकोणीस सेकंद कोणाला खुपत नाहीत.
रात्री खुपतात.

मग पट मोडला.
चौसष्ट घरं म्हणजे चौसष्ट खिडक्यांची इमारत,
पांढरं प्यादं असेल तिथे दिवा, बाकी अंधार,
आणि अख्खी इमारत मिळून एकच आकडा.
अशा बारा इमारती.
हत्तींची वेगळी, उंटांची वेगळी,
दोन राजांच्या दोन, प्रत्येकीत एकुलता दिवा.
आता दारं वाजवायची नाहीत.
आकडा आठ घरं सरकवला
की सगळी प्यादी एकदम पाऊल टाकतात,
आणि रिकाम्या घरांची इमारत वर ठेवली
की जे अडलं ते आपोआप विझतं.

घोड्याचे पाढे आधीच करून ठेवले.
कुठल्या घरातून कुठे कुठे, चौसष्ट ओळी, तोंडपाठ.
बे दुणे चार म्हणताना कोणी बोटं मोडत नाही.
एक आठवडा कडेच्या भिंती घालण्यात गेला,
नाहीतर घोडा उजव्या काठावरून उडी घ्यायचा
आणि डाव्या काठाला उगवायचा,
निमाणीला बसमध्ये चढून
निमाणीलाच उतरल्यासारखा.

एकोणिसाचा सव्वा झाला. सव्वाचा पाव.
पहाटे अडीचला मी एकटीच हसले.
मग आकडा पाहिला.

हव्यात अठ्ठेचाळीस लाख पासष्ट हजार सहाशे नऊ.
भरल्या दोनशे अठ्ठावन्न कमी.

जेल रोडला आमच्या शेजारी पुंजाराम गांगुर्डे राहायचे,
नोटांच्या छापखान्यात, मोजणीवर.
सांगायचे, एक कागद कमी भरला
की गेट उघडायचं नाही,
सगळी पाळी पुन्हा पहिल्यापासून मोजायची,
कोणाच्या घरी लग्न असो की मयत.
त्याच बोटांनी त्यांनी मला बुद्धिबळ शिकवलं.
एक उंट हरवलेला, त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ.
देशी डाव. प्यादं एकच घर.

सातवीत शाळेच्या स्पर्धेत
माझं प्यादं दोन घरं धावलं
आणि समोरच्या मुलाने ते जाता जाता मारलं,
जणू ते एकच घर चाललं होतं.
पंचांनी मान हलवली, नियम आहे.
काकांनी घरी सगळं ऐकून घेतलं,
रीळ बोटांत फिरवत म्हणाले,
शेजारून गेला म्हणून मारायचं? ही कुठली रीत?
गेला तो गेला.
आमच्या पटावर ती चाल कधी आली नाही.

तीन रात्री इमारती तपासल्या,
दिवे, भिंती, पाढे.
चौथ्या रात्री समजलं, लिहिलेलं सगळं बरोबर होतं.
ती चाल मी लिहिलीच नव्हती.
नियम इतकी वर्षं पाठ असून
बोटं तिकडे गेलीच नव्हती.

लिहिली. सात ओळी.
मोजणी जुळली, गेट उघडलं.
वेळ किंचित वाढला,
तो कुठून तरी कापून काढेन.

त्या सात ओळींच्या वर
दोन तिरप्या रेघांमागे एक शेरा ठेवलाय:
पुंजाकाकांना मान्य नाही.
यंत्र शेरे वाचत नाही.
त्या ओळीला वेळ लागत नाही.